थेरगावातली खोली रिकामी करताना

माझ्या खानावळीत जेवणारी निम्मी पोरं शिक्षण संपलं की लातूर सोडतात आणि पिंपरी-चिंचवडला जातात. जाताना पाया पडतात, "मावशी, एकदा या तिकडं," म्हणतात आणि दिवाळीला परत आली की हातात नवा मोबाइल असतो. त्यामुळे ते शहर न बघताच माझ्या ओळखीचं झालं होतं. कंपनी, शिफ्ट, ओव्हरटाइम हे शब्द वरण वाढता वाढता कानावर पडलेले. या उन्हाळ्यात मी स्वतः जाऊन आले. आल्यापासून जेवायला बसणारा प्रत्येक जण विचारतो, काय काय पाहिलं. सांगायला लागले की माझा आवाज चढतो आणि तिकडे भाजी करपते, म्हणून एकदाच काय ते लिहून काढते.

मी फिरायला गेले नव्हते. मंगल नावाची माझी मावसबहीण थेरगावात राहते. वयानं माझ्यापेक्षा बरीच लहान, मला अक्का म्हणते. तिचा नवरा दत्ता चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटदाराच्या हाताखाली होता. गेल्या वर्षी शिफ्ट संपवून परतताना ट्रेलरनं त्याच्या मोटरसायकलला धडक दिली आणि तो जागेवरच गेला. मागे राहिली मंगल आणि पोरगी प्रीती. मंगल सोसायट्यांमध्ये घरोघरी पोळ्या लाटायला जाते. प्रीती आकुर्डीच्या एका कॉलेजात डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला होती.

सरकार विधवा बाईला दर महिन्याला थोडी मदत देतं. निराधारांची पेन्शन म्हणतात तिला. फार मोठी नसते, पण पोरीचा बसचा पास आणि वह्यापुस्तकं त्यात निभावतात. मंगलनं अर्ज केला आणि तो नामंजूर झाला. तिनं फोनवर सांगितलं, तेही असं, जणू बाजारात मेथी मिळाली नाही. "अक्का, आता प्रीतीचं नाव काढते कॉलेजातून. चाकणला पॅकिंगला पोरी घ्यायलेत."

मी म्हटलं, मी येईपर्यंत कुणाचं नाव कुठून काढायचं नाही. खानावळ जावेच्या गळ्यात घातली आणि निघाले.

डांगे चौक

रात्रभराच्या प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही, पाय सुजले एवढंच. सकाळी डांगे चौकात उतरले तर डोक्यावर भलामोठा बोर्ड. हात जोडलेल्या माणसांचे फोटो आणि खाली ठळक अक्षरात, आपल्याकडची गरिबी किती झपाट्यानं कमी झाली त्याचा आकडा. त्या बोर्डाच्या सावलीत थापी, फावडी आणि रंगाचे ब्रश घेतलेली माणसं कामाची वाट बघत उभी होती. एखादी गाडी थांबली की सगळी तिच्याकडे धावायची, त्यातली दोघं आत बसायची आणि बाकीची परत सावलीत यायची. त्यांच्यातल्या एकानंही मान वर करून तो आकडा वाचलेला मला दिसला नाही.

रिक्षावाला परभणीचा निघाला. मी बोर्डाचं नाव काढलं तर म्हणाला, "खरंच हाय ना ताई. इथं गरीब कोण हाय? लई श्रीमंत महापालिका हाय ही." तो स्वतः कुठे राहतो असं विचारलं. "काळेवाडीत. आमी चौघं एका खोलीत. दोघं रातपाळीला असत्यात म्हणून झोपायला जागा होती." हे त्यानं कुरकुर म्हणून नाही, सोय म्हणून सांगितलं.

मंगलची गल्ली डांगे चौकापासून जवळच आहे. पत्र्याच्या छपराच्या खोल्यांची एक लांब रांग, समोर तशीच दुसरी रांग आणि मध्ये एका मोटरसायकलपुरती वाट. या खोल्या हौसाकाकूंच्या. त्या मूळच्या थेरगावच्या. इथं गाव होतं आणि शेतात ज्वारी होती तेव्हापासूनच्या. शेत गेलं, खोल्या आल्या. भाडेकरूंमध्ये लातूर आहे, बीड आहे, रत्नागिरी आहे. दिवसा कुणाचंच दार बंद नसतं, कारण पंखा असला तरी पत्रा असा तापतो की दार लावलं तर माणूस आत शिजून निघेल. पाणी एक दिवसाआड येतं. लातूरच्या बाईला त्याबद्दल नाक मुरडायचा अधिकार नाही, म्हणून मी गप्प बसले.

मी उंबऱ्यात पाय ठेवला आणि पाठोपाठ कुणीतरी खुर्ची आणून ठेवली. चहा आला तो सोनेरी काठाच्या कपबशीतून. मंगलकडे असली कपबशी कुठून आली, असा विचार करते तोवर शेजारची सुवर्णा दारात आली. "कप माझे हो ताई. आमच्याकडे पाहुणा कुणाचाही येऊ दे, कप माझेच निघतात." सुवर्णा चिपळूणकडची. तिचा नवरा एका कंपनीत पर्मनंट आहे. पर्मनंट हा शब्द त्या गल्लीत आमच्याकडे डॉक्टर म्हणतात तसा म्हणतात.

चहा झाल्यावर मी विचारलं, "अर्ज नामंजूर का केला गं?"

मंगल पोळपाट धुवायला लागली. उत्तर दिलं हौसाकाकूंनी. त्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. "आमच्यामुळं झालं बाई त्ये. आमीच शानपना केला."

ती हकिगत ऐकण्याआधी या गल्लीची एक रीत ठाऊक हवी. इथल्या कुठल्याच खोलीत सगळं काही नसतं. एकीकडे सोफा आहे, एकीकडे फ्रीज, कुणाकडे बरा पडदा, कुणाकडे भिंतीवरचं घड्याळ. म्हणून कुणाच्या मुलीला बघायला पाहुणे येणार असले की अख्खी गल्ली कामाला लागते आणि सगळं त्या एका खोलीत नेऊन मांडते. गडीमाणसं फ्रीज उचलतात, बाया पडदे लावतात. पाहुणे पोहे खाऊन गेले की सगळं आपापल्या घरी परत. पाहुण्यांना हे कळत नाही असं नाही. त्यांच्याकडेही असंच करतात. गल्लीतल्या कितीतरी पोरींची लग्नं त्या एका सोफ्यावर ठरली आहेत.

तर मंगलचा अर्ज गेल्यावर निरोप आला की साहेब घरी येऊन चौकशी करणार. साहेब म्हणजे मोठा पाहुणा. गल्लीनं जे माहीत होतं तेच केलं. हौसाकाकूंचा सोफा आला, सुवर्णाचा फ्रीज आला, पडदा आला, घड्याळ आलं. मंगलला सुवर्णानं आपली मोरपंखी साडी नेसवली. प्रीतीनं खोबरं पेरून पोहे केले. साहेब आले, खाल्लं, छान झालेत म्हणाले. हौसाकाकूंनी वर सांगितलं, "सायेब, काळजी करू नगा, आमी काय कमी पडू देत न्हाई तिला." मग साहेबांनी मोबाइलवर फोटो काढला. सोफ्यावर मंगल, मागे फ्रीज. फोटो काढताना हसायचं असतं म्हणून ती हसली. महिन्याभरात उत्तर आलं, राहणीमान चांगलं आढळल्यामुळे अपात्र.

मला आधी हसू आलं, खोटं कशाला सांगू. मग त्या काठाच्या कपाकडे बघता बघता डोक्यात तिडीक गेली. गल्लीवर नाही. दारात आलेल्याला बसायला दिलं म्हणून बाई गरीब नाही, हे ठरवणाऱ्यावर. म्हणजे सरकारला जी गरिबी हवी आहे तिच्यात शेजारी नकोत, पाहुणचार नको, आणि धुतलेली साडीसुद्धा नको.

एक कार्यालय

कार्यालय कुठलं ते सांगत नाही, कारण सगळी सारखीच असतात. मंगलनं पोळ्यांची कामं सकाळी लवकर उरकली आणि आम्ही दोघी गेलो. बाहेर म्हाताऱ्या माणसांची रांग भिंतीच्या सावलीबरोबर सरकत होती. माझ्या पुढे एक आजोबा पिशवी पोटाशी धरून उभे होते. कशासाठी आलात असं विचारलं तर म्हणाले, "जिता हाय म्हून सांगाया. दर साली यावं लागतं. न्हाई आलं की पैसं बंद." मी विचारलं, मग घरी कुणी बघायला येत नाही का. "कवा कवा येत्यात. त्यांच्या मनावर हाय."

आत खिडकीपाशी बसलेले कारकून तसे सभ्य होते, हे कबूल करायला हवं. आवाज चढवायचं काम मी एकटीनं केलं. मी म्हटलं, तो फ्रीज शेजारणीचा आहे. ते म्हणाले, "मावशी, तसं सगळेच म्हणतात." मी म्हटलं, मग शेजारणीला विचारा. ते म्हणाले, शेजारणीला विचारायची तरतूद नाही.

मग त्यांनी मला उत्पन्नाची मर्यादा सांगितली. वर्षाकाठी एवढं किंवा त्याच्या आत मिळवणारा तो गरीब. मी खानावळ चालवते, मला भाव कळतात. तेवढ्यात वर्षभर या शहरात नुसती खोलीसुद्धा भाड्यानं मिळत नाही, खाणंपिणं तर राहूच द्या. मी विचारलं, "साहेब, एवढ्यात इथं कोण जगतं? जो जगतो तो तुमच्या हिशेबानं गरीब नाही, आणि जो गरीब आहे तो जगणार कसा?"

ते म्हणाले, "वरून आलंय ते." आणि हातानं छताकडे दाखवलं. छताला एक पंखा होता आणि तो बंद होता.

शेवटी दोन मार्ग निघाले. नवऱ्याच्या कंपनीकडून कुटुंबाला काहीही मिळालेलं नाही असा कागद आणायचा. किंवा फेरतपासणीचा अर्ज द्यायचा, म्हणजे साहेब पुन्हा घर बघायला येतील. "कागद आणलात तर लवकर होईल," कारकून म्हणाले. मंगलनं मान हलवली. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "अक्का, तू त्यांच्यावर कशाला ओरडलीस? त्यांनी पाणी दिलं आपल्याला."

चाकण

चाकणचं नाव मी लहानपणापासून ऐकते ते कांद्यामुळे. चाकणचा कांदा म्हणून आमच्या बाजारात ओरडून विकायचे. आता तिथे कांद्याआधी ट्रेलर दिसतात. एकावर एक दोन मजले करून नव्याकोऱ्या मोटारी भरलेल्या, मैलभर उभ्या. मोटारींच्या काचांवर पांढरा कागद चिकटवलेला आणि त्या गर्दीत आमची बस अडकलेली. उन्हात चकाकणाऱ्या त्या मोटारींकडे बोट दाखवून मंगल म्हणाली, "यातलं काहीतरी हे बनवायचे. दरवाज्याचं काहीतरी." दत्ता नेमकं काय करायचा ते तिला कधी नीट समजलं नव्हतं. मीही विचारलं नाही. ज्या रस्त्यावर तो गेला त्याच रस्त्यानं आम्ही चाललो होतो आणि ती खिडकीतून सरळ समोर बघत होती.

नाक्यावर मिसळ खाल्ली. आमच्या लातूरकडे तिखट म्हणतात त्याच्यापुढे ही गोडच, पण तर्री मागितल्यावर मिळाली आणि तीही हसतमुखानं. खाऊन उठले तर चपलेचा अंगठा तुटला. कंपनीच्या गेटवरच्या रखवालदारानं खोकं बांधायची प्लॅस्टिकची पट्टी आणून दिली आणि मी ती पायाला बांधली. अशा थाटात आम्ही दत्ताच्या कंत्राटदाराला भेटायला गेलो. कंपनीत आत सोडलं नाहीच. कंपनी म्हणाली, कंत्राटदाराकडे जा.

कंत्राटदाराचं ऑफिस एका हॉटेलच्या वर होतं. आत एसी होता. माणूस तिशीचा, हातात कडं, बोलणं लोण्यासारखं मऊ.

"दत्ता? कोण दत्ता?"

मंगलनं पूर्ण नाव सांगितलं.

"अच्छा, तो! लय चांगला माणूस राव. कधी खाडा नाही." आणि मग जीभ चावल्यासारखा थांबला. "पण ताई, तो आमच्या रोलवर नव्हता. हजेरीपटावर नाव नाही त्याचं."

मी म्हटलं, रोलवर नव्हता तर खाडा नव्हता हे तुम्हाला कसं माहीत? तो नुसता हसला. मी म्हटलं, भांडायला आलो नाही. भरपाई मागत नाही. फक्त एवढंच लिहून द्या की या कुटुंबाला तुमच्याकडून काही मिळालेलं नाही. खरंच आहे ते.

"मावशी, समजून घ्या ना. काही दिलं नाही असं मी लिहिलं की तो माझ्याकडं होता असं होतं. आणि तो माझ्याकडं होता असं झालं की मग मी का दिलं नाही असं होतं."

एवढं सरळ तर्कशास्त्र मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. त्यानं काही दिलं नाही आणि दिलं नाही हेही लिहून द्यायला तो तयार नव्हता. मी उठले. प्लॅस्टिकची पट्टी खुर्चीत अडकली, ती सोडवेपर्यंत तो मंगलशी बोलत राहिला. "पोरगी मोठी झाली असेल ना आता? पाठवा की. पॅकिंगला लावतो. गाडी दारात येते, दारात सोडते. टेन्शन घेऊ नका."

मंगल म्हणाली, "बरं."

जिना उतरल्यावर मी तिला रस्त्यातच धरलं. बरं काय म्हणून म्हणालीस? ज्या माणसाला तुझा नवरा कामाला होता एवढंसुद्धा लिहायला जड जातं त्याच्याकडे पोरगी पाठवणार? ती म्हणाली, "मग काय म्हणू अक्का? त्याच्या ऑफिसात बसून नको कसं म्हणू?" तिचा आवाज शांत होता, त्यामुळे माझा अजूनच चढला. रस्त्यावरची माणसं बघायला लागली. मला वाटलं होतं ती रडेल, पण तिनं माझ्या चपलेची पट्टी सुटली होती ती वाकून पुन्हा बांधली आणि म्हणाली, "चल, बस भरली की उभं राहावं लागेल."

संध्याकाळी हौसाकाकूंनी मासवडी केली होती. नावावर जाऊ नका, मासा नाही त्यात. बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचं सारण भरून वड्या कापतात आणि वर काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा. आमच्याकडे हा पदार्थ नाही आणि आता माझ्या खानावळीत दर रविवारी असतो. ती कशी झाली ते मी सांगायच्या आत काकूंनी मंगलकडून चाकणचं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "आमचं शेत घेताना बी असंच ग्वाड बोलत व्हते." मग रस्सा वाढायला लागल्या.

प्रीती कोपऱ्यात जर्नल पुरं करत होती. परीक्षा संपली होती, तरी पुरं करत होती. मी विचारलं, आता कशाला? ती म्हणाली, "पुढच्या वर्षी लागतं, मावशी." आईकडे बघितलंही नाही तिनं.

पुन्हा थेरगाव

फेरतपासणीचा अर्ज दिला. कसं कोण जाणे, तारीख मी असेपर्यंतच मिळाली. मग मी गल्लीतल्या सगळ्या बायांना बसवलं आणि सांगितलं, मागे जे केलंत त्याच्या बरोबर उलटं करायचं.

उसनं काही आणायचं नाही हे ठरायला वेळ लागला नाही. पण मंगलचं स्वतःचं जे आहे त्याचं काय? टेबलफॅन होता. लोखंडी पलंग होता, दत्तानं जुना घेऊन स्वतः रंगवलेला. मिक्सर होता. किती गरीब दिसलं म्हणजे पुरेसं, हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि कुठे विचारावं तेही माहीत नव्हतं.

"फ्यान काढा," हौसाकाकू म्हणाल्या.

"फॅन काढलात तर खोटं वाटेल हो," सुवर्णा म्हणाली. "एवढ्या उकाड्यात फॅनाशिवाय कोण राहतं?"

"मागल्या टायमाला खरं वाटलं की सगळं. काय झालं?"

फॅन काढला. पलंग काढला. मिक्सर, स्टीलचे डबे, प्लॅस्टिकचं कपाट, सगळं काकूंच्या पडवीत गेलं. कुणीतरी प्रीतीच्या पुस्तकांना हात लावला, जाड इंग्रजी पुस्तकं बघून साहेब काय म्हणतील म्हणून. प्रीती आतापर्यंत सामान उचलत होती. ती तिथे जाऊन उभी राहिली. "पुस्तकं कुठंच जाणार नाहीत." पुस्तकं राहिली. दत्ताच्या फोटोची चौकट सोनेरी होती. मंगलनं स्वतःच तो खिळ्यावरून उतरवला, पदरानं पुसला आणि काकूंकडे दिला.

मी घरं आवरून बघितली आहेत, सजवून बघितली आहेत, पण चांगलं चाललेलं घर असं ओरबाडून रिकामं करायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. जे तिनं पोळ्या लाटून, एकेक करून जमवलं ते लपवायचं, कारण जमवणं हाच गुन्हा. मला इतका संताप आला होता की मी एक डबा आपटला. मंगलनं तो उचलून पोचा आला का बघितलं.

ठरल्याप्रमाणे दुपारी साहेब आले. तेच मागचे, वयानं तरुण, शर्ट पाठीला चिकटलेला. गल्लीतली सगळी दारं बंद होती. मी सांगितलं होतं तसं, की कुणीही बाहेर येऊन काही बोलायचं नाही. त्या उन्हात सगळी आपापल्या पत्र्याखाली कोंडून बसली होती.

साहेब आत आले आणि उभे राहिले. मंगलचा हात सवयीनं पलंगाकडे गेला आणि रिकाम्या कोपऱ्यापाशी थांबला. मग तिनं चटई अंथरली. ते बसले नाहीत. पाणी मागितलं, ते तिनं पेल्यातून दिलं. चहाचं विचारायला तिनं तोंड उघडलं आणि माझ्याकडे बघून मिटलं.

"फ्रीज होता ना मागच्या वेळी?" साहेबांनी विचारलं.

मी बोलले. सोफा कुणाचा, फ्रीज कुणाचा, इथली रीत काय, सगळं सांगितलं. ते ऐकत होते. मग म्हणाले, "माहीत आहे हो. तेव्हाच कळलं होतं. फ्रीजला वायर जोडलेली नव्हती."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "कळलं होतं? मग अपात्र कसं केलंत?"

"मी नाही केलं. मी फोटो पाठवतो. वर जे बसलेत ते फोटो बघतात. फोटोत वायर दिसत नाही." त्यांनी रुमालानं मान पुसली. "आमच्याकडेही असंच करतात, मावशी. माझ्या बहिणीच्या वेळी दोन घरचे सोफे आणले होते."

त्यांना शिव्या देण्याची माझी सगळी तयारी होती आणि त्या कुणाला द्याव्यात तेच कळेना. त्यांनी मोबाइल काढला. मंगलला भिंतीपाशी उभं केलं.

"जरा बाजूला. भिंत येऊ द्या. पोपडे दिसले पाहिजेत. हां, असं." मग मोबाइल खाली घेतला. "ताई, हसू नका."

मंगल हसत होती. तिला ते कळलंही नव्हतं. फोटो काढताना हसायचं असतं. तिनं पदर सारखा केला आणि पुन्हा उभी राहिली. मोबाइल वर आला तसं तिच्या ओठांच्या कडेला पुन्हा ते आलं, पाहुण्यासमोर येतं ते.

"ताई, तुमच्याच भल्यासाठी सांगतो. हसलात तर परत तेच होईल."

प्रीती दारात होती. ती आईकडे बघत म्हणाली, "आई, बाबांचा फोटो कुठंय?"

मंगलचा चेहरा उतरला. साहेबांनी बटण दाबलं. नंतर कितीतरी वेळ मला ठरवता आलं नाही की प्रीतीनं ते मुद्दाम विचारलं की सहज. तिला विचारायचं धाडसही झालं नाही.

साहेब वळणापलीकडे गेले तशी एकेक दारं उघडली. घामानं निथळणारी माणसं बाहेर आली आणि सामान परत आणायला लागली. पलंग आला, फॅन आला. दत्ताचा फोटो काकूंनी आणला आणि खिळ्यावर मंगलनं लावला. सुवर्णा काठाच्या कपांतून सगळ्यांना चहा घेऊन आली.

मी लातूरला परतल्यावर दोनेक आठवड्यांनी मंगलचा फोन आला. अर्ज मंजूर झाला होता. प्रीतीनं दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला. मी खानावळीतल्या सगळ्यांना त्या दिवशी शिरा वाढला. मग मंगल म्हणाली, "अक्का, पण ते पुढल्या वर्षी पुन्हा येणार हायत म्हणं बघायला. येशील ना खोली रिकामी करायला?"

मी म्हटलं, येईन.

"या खेपेला तुला त्रास न्हाई देणार. मी पहिल्यापासूनच हसणार न्हाई," असं म्हणाली आणि फोनवर हसली.